विमान कंपनीचा आतबट्ट्याचा व्यवहार: किंगफिशर आणि जेट कशा बुडाल्या

किंगफिशर एअरलाइन्सचा विषय निघाला की आजही पहिल्यांदा आठवतात ते तिथलं जेवण, सीटमागचे टीव्ही आणि मालकाच्या पार्ट्या. ‘उधळपट्टी केली आणि बुडाले’ असा एका वाक्यात निकाल लागतो. हिशोबाच्या वह्या उघडल्या तर हा निकाल अर्धाच बरोबर निघतो. प्रवाशापुढे ठेवलेलं ताट हा विमान कंपनीच्या खर्चातला अगदी बारका भाग असतो आणि ते काढून घेतल्याने कुठली बुडती कंपनी तरलेली नाही. खरा खर्च होतो तो एकदाच सही करून पुढची आठ-दहा वर्षं डॉलरमध्ये फेडत बसावं लागणाऱ्या निर्णयांचा: विमानं कुठली आणि किती घेतली, त्यांत सीट किती बसवल्या आणि हातात पैसा असताना दुसरी कुठली कंपनी विकत घेतली.

एका फेरीचा हिशोब

मुंबई–दिल्ली ही एक फेरी घेऊ. एअरबस ए३२० किंवा बोइंग ७३७ला त्यासाठी दोन-सव्वादोन तास लागतात आणि पाच टनांच्या आसपास इंधन जळतं. विमान गच्च भरलेलं असो वा अर्धं रिकामं, इंधनात फरक पडतो तो थोडाच. विमानाचं भाडं, वैमानिकांचे पगार, लँडिंगचं शुल्क, दुरुस्तीसाठी बाजूला टाकायची रक्कम यांत तर काहीच फरक पडत नाही. समजायला सोपं जावं म्हणून फेरीचा सगळा खर्च ९ लाख रुपये धरू.

विमानात १८० सीट असतील तर प्रत्येक सीटवर ५,००० रुपये खर्च बसला. कर वगळून सरासरी ६,००० रुपये तिकिटाचे हाती आले, तर १५० प्रवाशांत खर्च निघतो. म्हणजे विमान ८३ टक्के भरेपर्यंत कंपनी फक्त खर्च भरून काढत असते आणि नफा सुरू होतो तो १५१व्या प्रवाशापासून. एवढ्या अरुंद फटीतून हा धंदा चालतो.

आता त्याच विमानात पुढे २० ऐसपैस खुर्च्या आणि मागे ११४ साध्या सीट बसवा. किंगफिशरच्या दोन वर्गांच्या ए३२०मध्ये साधारण हीच मांडणी होती. एकूण सीट झाल्या १३४ आणि प्रत्येकीवर खर्च बसला ६,७०० रुपयांच्या वर. पुढच्या वीसही खुर्च्या १५ हजारांना विकल्या गेल्या तर ३ लाख आले. उरलेले ६ लाख मागच्या ११४ जणांकडून काढायचे, म्हणजे माणशी सव्वापाच हजार, तेही एकही सीट रिकामी न राहता. पुढच्या निम्म्या खुर्च्या रिकाम्या गेल्या (मंगळवारी दुपारच्या फेरीला हमखास जातात) तर मागच्या प्रत्येकाकडून साडेसहा हजारांच्या वर यायला हवेत. त्याच वेळी शेजारच्या गेटवरून १८० सीटचं विमान पाच-सहा हजारांत सुटतंय. चेक-इनच्या रांगेत कितीही गुलाबपाणी शिंपडलं तरी हे गणित जुळत नाही.

बरं, ही चूक एका रात्रीत दुरुस्तही करता येत नाही. खुर्च्या बदलायच्या तर विमान हँगरमध्ये उभं ठेवावं लागतं, नव्या खुर्च्या मागवाव्या लागतात, मांडणीला हवाई वाहतूक महासंचालनालयाची, म्हणजे डीजीसीएची मंजुरी घ्यावी लागते. उभ्या विमानाचं भाडं मात्र चालूच राहतं.

विमान भाड्याचं, भाडं डॉलरचं

‘अमुक कंपनीने पन्नास विमानं घेतली’ असं आपण वाचतो, पण भारतातली बहुतेक विमानं लीजवर, म्हणजे भाडेपट्ट्यावर असतात. मालक असतो परदेशातली भाडेकंपनी. करारात चार गोष्टी असतात. एक, महिन्याचं भाडं. दोन, काही महिन्यांच्या भाड्याइतकी अनामत. तीन, इंजिन, चाकांची यंत्रणा आणि सांगाड्याच्या मोठ्या दुरुस्तीसाठी उड्डाणाच्या तासामागे भरायची राखीव रक्कम. चार, मुदत संपल्यावर विमान कुठल्या अवस्थेत परत करायचं याच्या अटी. अननुभवी व्यवस्थापन पहिल्या आकड्यावर घासाघीस करतं आणि चौथ्या कलमाकडे दुर्लक्ष करतं. इंजिनाच्या एका मोठ्या दुरुस्तीला आजच्या भावाने पंचवीस-तीस कोटी रुपये सहज लागतात, आणि विमानाला इंजिनं दोन असतात. परत करताना ती ठरलेल्या अवस्थेत नसतील तर फरक कंपनीने भरायचा.

त्यात चलनाचा काच. समजा भाडं महिना साडेतीन लाख डॉलर आहे. २००८च्या सुरुवातीला डॉलर चाळिशीच्या आत-बाहेर होता, तेव्हा ते १ कोटी ४० लाख पडलं असतं. २०१३च्या ऑगस्टमध्ये डॉलर ६८ला टेकला, तेव्हा त्याच विमानाचे २ कोटी ३८ लाख. तिकीट विकलं जातं रुपयांत. भाडं, दुरुस्ती, सुटे भाग, विम्याचा मोठा हिस्सा आणि इंधनाचा मूळ दर हे सगळं डॉलरला बांधलेलं. परदेशी फेऱ्यांतून काही डॉलर येतात, पण देशांतर्गत कंपनीला त्याचा आधार तोकडा.

विमानांचे प्रकार किती हेही इथेच ठरतं. बुडालेली दुसरी कंपनी जेट एअरवेज. तिच्या ताफ्यात एटीआर ७२, बोइंग ७३७, बोइंग ७७७ आणि एअरबस ए३३० एकाच वेळी होती. बोइंग ७३७चा वैमानिक उद्या ए३३०वर बसू शकत नाही. त्याला त्या प्रकारचं वेगळं प्रशिक्षण आणि परवाना लागतो. प्रत्येक प्रकाराचे इंजिनिअर वेगळे, सुटे भाग वेगळे, ऐनवेळी विमान बिघडलं तर उभं ठेवायचं राखीव विमानही वेगळं. २००६ साली सुरू झालेल्या इंडिगोने एकाच वेळी १०० ए३२०ची मागणी नोंदवली होती, सगळी एका प्रकारची, एकाच वर्गाची. घाऊक खरेदीत सवलत मिळाली. विमान ताब्यात येताच ते भाडेकंपनीला जास्त भावाने विकायचं आणि त्यांच्याकडूनच भाड्याने घ्यायचं, मधला फरक रोख हातात, असा खाक्या. युक्ती एकच असते. सुस्थितीतली कंपनी त्या रोखीचा साठा करते आणि अडचणीतली कंपनी तिने गेल्या महिन्याचं भोक बुजवते.

मोठ्या विमानांची हौस हा वेगळाच प्रकार. जून २००५च्या पॅरिस एअर शोमध्ये किंगफिशरने पाच ए३८० विमानांची मागणी नोंदवली. पहिलं विमान उडवून तेव्हा जेमतेम महिना झाला होता! ती कधी आलीच नाहीत. जेटची बोइंग ७७७ मात्र आली, आणि २००८च्या मंदीत ती भरेनात तेव्हा त्यांतली काही टर्किश एअरलाइन्ससारख्या कंपन्यांना भाड्याने द्यावी लागली. सरकारी खातंही मागे नव्हतं. एअर इंडियाने ६८ बोइंग आणि इंडियन एअरलाइन्सने ४३ एअरबस अशा १११ विमानांची खरेदी बहुतांशी कर्जावर उभी केली, आणि २०११मध्ये कॅगने, म्हणजे सरकारी खर्चाचे हिशोब तपासणाऱ्या महालेखापरीक्षकांनी त्यावर कडक ताशेरे ओढले. त्यांतली बोइंग ७७७-२००एलआर ही लांब पल्ल्याची विमानं इतकं इंधन पीत होती की आठपैकी पाच पुढे अबू धाबीच्या एतिहाद कंपनीला विकून टाकावी लागली.

दुसऱ्याचं दुखणं विकत घेणं

सगळ्यात महाग पडतात त्या कंपन्यांच्या खरेद्या. तेव्हा भारतात नियम होता की देशांतर्गत सेवेची पाच वर्षं आणि किमान वीस विमानं असल्याशिवाय परदेशी उड्डाण नाही. किंगफिशर मे २००५ची, म्हणजे तिला २०१०पर्यंत थांबणं भाग होतं. कॅप्टन गोपीनाथ यांची एअर डेक्कन ऑगस्ट २००३ची. २००७मध्ये किंगफिशरच्या समूहाने ५५० कोटी रुपयांना डेक्कनचा २६ टक्के हिस्सा घेतला, पुढे दोन्ही एकत्र केल्या आणि सप्टेंबर २००८मध्ये बंगळुरू–लंडन उड्डाण सुरू झालं. दोन वर्षांचा वेळ वाचला. त्याबरोबर डेक्कनचा तोटाही घरात आला.

वेळ अशी साधली की विचारू नका. जुलै २००८मध्ये कच्चं तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं होतं आणि लंडनचं विमान सुटल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत लेहमन ब्रदर्स ही बडी अमेरिकन बँक कोसळली.

डेक्कनचा ग्राहक स्वस्त तिकिटासाठी येणारा, किंगफिशरचा थाटासाठी. डेक्कनचं नाव बदलून ‘किंगफिशर रेड’ केलं तेव्हा जुना ग्राहक म्हणाला, आता महाग झालं असणार. आणि किंगफिशरचा नेहमीचा प्रवासी म्हणाला, तेच नाव स्वस्तात मिळतंय तर जास्त का द्या. दोन्हीकडून मार. २०११मध्ये रेड बंद करत असल्याची घोषणा झाली.

जेटने हेच एअर सहाराच्या बाबतीत केलं. २००६मध्ये सुमारे २,३०० कोटींना ठरलेला सौदा फिसकटला आणि एप्रिल २००७मध्ये १,४५० कोटींना झाला. तेव्हा जेट स्वतःच परदेशी मार्गांसाठी मोठी विमानं घेऊन कर्जात उतरत होती. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, त्यातली गत. सहाराची ‘जेटलाइट’ झाली, मग ‘जेट कनेक्ट’ आली. जेटचं तिकीट समजून बसलेल्या माणसाला कधी जेवण मिळायचं, कधी विकत घ्यायला सांगायचे. इंडिगोसारख्यांशी लढायला स्वस्त विभाग काढला, पण खर्चाचा सांगाडा महागड्या कंपनीचाच राहिला.

विलीनीकरणातला दुसरा न दिसणारा खर्च माणसांचा. दोन कंपन्यांच्या पगारश्रेणी, ज्येष्ठतेच्या याद्या, बढतीचे नियम एकत्र करायचे असतात. एअर इंडिया आणि इंडियन एअरलाइन्स २००७मध्ये कागदावर एक झाल्या. नव्या ड्रीमलायनर (बोइंग ७८७) विमानांचं प्रशिक्षण आधी कुणाला द्यायचं या वादातून २०१२मध्ये वैमानिकांचा संप ५८ दिवस चालला, विलीनीकरणाला पाच वर्षं झाल्यावर!

नफ्याचं वर्ष फसवं का असतं

भारतात विमान कंपनीच्या खर्चात इंधनाचा वाटा साधारण ३५ ते ४० टक्के असतो. त्यावर राज्यांचा विक्रीकर, आणि तो लिटरमागे ठरीव नसून किमतीच्या टक्केवारीत. इंधन महागलं की करही आपोआप वाढतो. मुंबई-पुण्यात हा कर वर्षानुवर्षं २५ टक्के होता. २०२३च्या अर्थसंकल्पात महाराष्ट्राने तो १८वर आणला.

इंधन स्वस्त झालं की उलटं घडतं आणि सगळे गाफील होतात. २०१५-१६मध्ये तेल उतरलेलं असताना जेटला हजार कोटींहून जास्त नफा झाला. मूळ दुखणी तशीच होती: चार प्रकारची विमानं, जुनं कर्ज, इंडिगोपेक्षा सीटमागे जास्त खर्च. २०१८मध्ये तेल चढलं, डॉलर ७४ला गेला आणि एप्रिल-जून तिमाहीत १,३२३ कोटी, पुढच्या तिमाहीत १,२९७ कोटी तोटा. इंजिनिअरांनी आदल्या वर्षापेक्षा वाईट काम केलेलं नव्हतं. आधीचा नफा तेलाच्या भावाने दिला होता, व्यवस्थापनाने नव्हे.

किंगफिशरला तर पूर्ण वर्षाचा नफा कधीच दिसला नाही. २००८-०९मध्ये तोटा १,६०८ कोटी, पुढच्या वर्षी १,६४७, मग १,०२७ आणि २०११-१२मध्ये २,३२८ कोटी. मग ती इतकी वर्षं तगली कशी? दोन प्रकारच्या पैशांवर.

पहिला, बँकांचा. कर्जाची फेररचना झाली, काही कर्जाच्या बदल्यात बँकांनी कंपनीचे शेअर घेतले. बाजारात शेअर चाळीस रुपयांच्या आसपास असताना बँकांनी तो ६४.४८ रुपयांना घेतला. तारणात ‘किंगफिशर’ हे नावसुद्धा होतं, चार हजार कोटींहून जास्त किमतीचं मानलेलं. कंपनी चालती असेल तरच ज्या तारणाला किंमत आहे, ते तारण कसलं?

दुसरा पैसा प्रवाशांचा, आणि तो जास्त समजून घ्यायला हवा. ऊसतोड कामगार हंगामाआधी मुकादमाकडून उचल घेतो आणि मग ती फेडत राबतो. विमान कंपनी अशीच उचल प्रवाशांकडून घेते. दिवाळीचं तिकीट आपण जुलैत काढतो, पैसे आज जातात, विमान नोव्हेंबरात उडतं. हिशोबात ही रक्कम देणं म्हणून लिहितात, कारण सेवा अजून द्यायची आहे. बँक खात्यात मात्र ती रोख असते. जुलै ते सप्टेंबर हे मंदीचे महिने. तिजोरीत खडखडाट असलेली कंपनी तेव्हा ‘सेल’ काढते, चार महिन्यांनंतरची तिकिटं मिळेल त्या भावाला विकते आणि त्यातून या महिन्याचं इंधन भरते. नोव्हेंबरात विमान भरलेलं असतं, पण त्या प्रवाशांचे पैसे ऑगस्टमध्येच जळून गेलेले असतात. तोट्यातला सेल म्हणजे बिनव्याजी कर्जच, फक्त देणाऱ्याला आपण कर्ज देतोय हे ठाऊक नसतं.

पैसा कुठून कुठून अडतो

कोसळण्याचा क्रम बहुतेक ठिकाणी सारखा असतो. पहिल्यांदा थकतात ती सरकारी देणी: पगारातून कापलेला टीडीएस, भविष्य निर्वाह निधी, सेवांवरचा कर. वसुलीची नोटीस यायला वेळ लागतो म्हणून तिथे हात मारला जातो. शेअरधारकाने वार्षिक अहवालात नफ्याच्या पानाआधी हेच बघावं: लेखापरीक्षकाच्या अहवालाच्या जोडपत्रात ‘सहा महिन्यांहून अधिक काळ थकलेली वैधानिक देणी’ असा भाग असतो. त्याच अहवालात कंपनी पुढे चालू राहण्याबद्दल शंका व्यक्त केलेली असेल तर तिकडेही बोटाने रेघ मारून वाचावं. मग ‘इतर उत्पन्न’ बघावं. विमानं विकून आलेला फायदा तिथे किंवा जवळपास दडलेला असतो. शेवटी हातातली रोख आणि आगाऊ तिकिटांची रक्कम शेजारी ठेवावी. रोख कमी असेल तर प्रवाशांचे पैसे खर्च झालेले आहेत.

त्यानंतर विमानतळांची थकबाकी. मग तेल कंपन्या. एरवी इंधन दोन-तीन महिन्यांच्या उधारीवर मिळतं. उधारी थकली की हुकूम निघतो, ‘रोख द्या, मगच टँकर.’ ज्या दिवशी हे होतं त्या दिवशी कंपनीला दोन ठिकाणी पैसा लागतो: जुनी बिलं भागवायला आणि रोजच्या टाकीला. उधारीवर चालणारा किराणा दुकानदार एका सकाळी रोखीवर आला तर जे होईल तेच, फक्त आकडे कोटींत.

मग आयाटाचं, म्हणजे विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं क्लिअरिंग हाउस, जिथे जगभरच्या विमान कंपन्या एकमेकींचे हिशोब मिटवतात, सदस्यत्व स्थगित करतं. किंगफिशरच्या बाबतीत २०१२मध्ये हे झालं. ट्रॅव्हल एजंट तिकीट काढेनासे होतात, कार्डवरचे पैसे बँका प्रवास पूर्ण होईपर्यंत अडवून ठेवतात. म्हणजे ज्या उचलीवर गाडा चालला होता तीच बंद.

पगार थकले की चांगले वैमानिक आधी जातात, कारण त्यांना दुसरीकडे मागणी असते. सुटे भाग आणायला पैसे नसले की उभ्या विमानाचे काढून उडत्या विमानाला बसवतात. दोन-चार महिन्यांत ते उभं विमान सांगाडा होतं. भाडेकंपनी ते न्यायला येते तेव्हा तिला भागांपेक्षाही जास्त काळजी कागदांची असते. कुठला भाग कधी बसवला, किती तास चालला, याच्या नोंदी तुटल्या असतील तर सुस्थितीतल्या इंजिनाचाही भाव कोसळतो.

जेटची अखेर अशीच झाली. २०१८मध्ये १२०च्या आसपास विमानं होती. भाडं थकल्याने ती एकेक करून उभी राहिली आणि एप्रिल २०१९च्या मध्यावर उडणारी विमानं एका हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी उरली. त्याआधीच लंडन हीथ्रोचे स्लॉट (विमान उतरवण्या-उडवण्याच्या ठरलेल्या वेळा) ७ कोटी डॉलरना आणि फ्रीक्वेंट फ्लायर, म्हणजे नेहमीच्या प्रवाशांना गुण देणाऱ्या योजनेचा अर्ध्याहून जास्त हिस्सा १५ कोटी डॉलरना एतिहादला गेला होता, म्हणजे मोडायला सोनं उरलं नव्हतं. बँकांनी तातडीचे ४०० कोटी नाकारले आणि १७ एप्रिलच्या रात्री अमृतसरहून मुंबईला आलेलं विमान शेवटचं ठरलं. किंगफिशर ऑक्टोबर २०१२मध्येच थांबली होती.

नंतर कुणाला काय मिळतं

चार हजार कोटींचं मानलेलं किंगफिशरचं नाव २०१६मध्ये ३६६ कोटींच्या राखीव किमतीला लिलावात ठेवलं तेव्हा एकही बोली आली नाही. विलेपार्ल्याचं किंगफिशर हाउस १५० कोटींना काढलं होतं, अनेक लिलावांनंतर २०२१मध्ये ५२ कोटींना गेलं. गोव्यात कांदोळीचा व्हिला त्यातल्या त्यात बरा निघाला, ७३ कोटी आले. जेटला पुन्हा उडवायचा प्रयत्न पाच वर्षं चालला आणि नोव्हेंबर २०२४मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अवसायनाचा, म्हणजे मालमत्ता विकून हिशोब मिटवण्याचा आदेश दिला.

अवसायनात पैसे वाटण्याचा क्रम दिवाळखोरी संहितेच्या कलम ५३मध्ये ठरलेला आहे. आधी प्रक्रियेचा खर्च. मग कामगारांची २४ महिन्यांपर्यंतची थकबाकी आणि तारण असलेल्या बँका, एकाच पायरीवर. मग इतर कर्मचाऱ्यांचे १२ महिन्यांपर्यंतचे पगार, मग बिनतारणी कर्जदाते, मग सरकार. रद्द झालेल्या तिकिटाचा परतावा मागणारा प्रवासी ‘उरलेली देणी’ या गटात बसतो, शेअरधारकांच्या थोडाच वर.

म्हणून तिकिटाचे पैसे क्रेडिट कार्डाने भरले असतील तर अवसायकाकडे दावा लावून थांबू नये. उड्डाण रद्द झाल्याचा संदेश, तिकीट आणि कार्डाचं स्टेटमेंट घेऊन ‘सेवा मिळाली नाही’ या कारणाखाली कार्ड देणाऱ्या बँकेकडे लगेच लेखी वाद नोंदवावा, त्याला चार्जबॅक म्हणतात. त्याला मुदत असते आणि ती महिन्यांत मोजली जाते. एजंटकडून काढलेलं तिकीट असेल तर आधी एजंटने कंपनीला पैसे खरंच पोचवले होते का ते विचारावं. अनेकदा ते अजून त्याच्याच खात्यात असतात.